हृदयातील कॅथेटर प्रक्रियांचे प्रतिमा-मार्गदर्शन

जांघेतील किंवा मनगटातील रक्तवाहिनीतून हृदयात सरकवलेल्या कॅथेटरचे (बारीक, लवचिक नळीचे) टोक नेमके कुठे आहे, हे प्रक्रिया चालू असतानाच प्रतिमांवरून ठरवण्याची पद्धत. वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली, तेव्हा तिची जागा क्ष-किरणांनीच पटवली होती.

आजही कॅथलॅबचा (या प्रक्रिया जिथे होतात त्या कक्षाचा) आधार फ्लुओरोस्कोपीच, म्हणजे क्ष-किरणांची सलग चालती चित्रे. सेकंदाला साधारण ७.५ किंवा १५ चित्रे घेतली, की तार, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) आणि डाय (क्ष-किरणांत दिसणारा द्रव) भरलेली धमनी ठळक दिसते. हृदयाची भिंत, कप्प्यांमधला पडदा, झडपांची पाळी मात्र दिसत नाहीत. चित्र सपाट असल्याने टोक पुढे आहे की मागे, हे सी-आर्म (क्ष-किरण यंत्राचा C आकाराचा हात) फिरवल्याशिवाय कळत नाही. इकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेल्या चित्रात, ऊती दिसतात. पण तो एक काप असतो. त्या कापात नळीचा मधला भाग आला, तर तोच टोक वाटतो. ही चूक सर्वांत घातक, म्हणून टोक दिसेपर्यंत प्रोब (इकोचा शोधक) फिरवत राहावे आणि तोवर नळी किंवा तिच्यातली सुई पुढे ढकलू नये.

दोन्हींची सांगड सर्वाधिक लागते ती अलिंदांमधला (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला) पडदा भेदताना. सुई असलेली नळी ऊर्ध्व महाशिरेतून खाली ओढली, की ती फोसा ओव्हॅलिस या पडद्यातल्या पातळ खळग्यात अडकते. अन्ननलिकेतील इकोच्या बायकेव्हल (दोन्ही महाशिरा दाखवणाऱ्या) दृश्यात वर-खाली, आखूड अक्षाच्या दृश्यात पुढे-मागे आणि चार कप्प्यांच्या दृश्यात मायट्रल झडपेपासूनची (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेपासूनची) उंची पाहतात. मायट्रल क्लिपसाठी (गळक्या झडपेच्या पाळ्या धरून ठेवणाऱ्या चिमट्यासाठी) ही उंची सुमारे ४ ते ४.५ सेंमी हवी. कमी पडल्यास क्लिप वळवायला जागा उरत नाही. टोकाच्या दाबाने पडदा तंबूसारखा डावीकडे फुगलेला दिसला, तरच भेद करावा. तंबूचा रोख पुढे महाधमनीकडे असेल, तर नळी मागे वळवून जागा पुन्हा शोधावी. नंतर हृदयावरणात द्रव साचतोय का, हे पाहत राहणे आवश्यक. रक्तदाब कोसळण्याआधी इकोत तो दिसू शकतो.

शिरेतून आत नेलेल्या इको-कॅथेटरला (जाडी ८ ते १० फ्रेंच; १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग) पूर्ण भूल सहसा लागत नाही. महाधमनीची झडप कॅथेटरने बसवताना मात्र माप आधीच्या सीटीवरून घेतात आणि झडपेच्या तिन्ही पाळ्यांचे तळ एका रेषेत येतील असा सी-आर्मचा कोनही त्यावरूनच ठरतो.

धमनीच्या आतून पाहण्यासाठी आयव्हस (धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्र) किंवा ओसीटी (आतून प्रकाशाने चित्र) वापरतात. ओसीटीची सूक्ष्मता १० ते २० मायक्रॉन, पण त्यासाठी रक्त डायने क्षणभर बाजूला सारावे लागते; मूत्रपिंड कमकुवत असल्यास आयव्हस बरे.