सी-१० की सी-२०: खान्देशातल्या सौर बॅटरीची पार्श्वभूमी

वायर न पोचलेल्या मळ्यातल्या किंवा पाड्यावरच्या घरासाठी सौर संच घेताना पॅनलवर फार वाद होत नाही. वाद होतो तो बॅटरीवर, आणि बहुतेक वेळा लेबलावरच्या 'एएच'च्या, म्हणजे अँपिअर-तासांत मोजलेल्या साठ्याच्या आकड्यावर. ही सवय सौर ऊर्जेने लावलेली नाही, लोडशेडिंगने लावली आहे.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी १८५९ची. जास्त प्रवाह ओढला की तीच बॅटरी एकूण कमी वीज देते, हे १८९७ मध्येच मांडले गेले होते. भुसावळकरांना तर खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरणारी बॅटरी नवी नव्हतीच. रेल्वेच्या डब्याखालच्या पेट्यांत २ व्होल्टचे सेल ओळीने जोडलेले असत. घरात मात्र ती जात आली नाही.

घरात बॅटरी आली २००५ नंतर. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि जळगाव-धुळ्यापासून शहाद्यापर्यंत इन्व्हर्टर ही हौस न राहता गरज झाली. सुरुवातीला अनेकांनी ट्रॅक्टरचीच बॅटरी जोडली. तिच्या पातळ प्लेटा स्टार्टरला क्षणभर मोठा झटका देण्यासाठी असतात. रोज रात्री चार तास पंखा चालवला की वर्ष-दीड वर्षात 'बॅटरी बसली' ठरलेले. मग जाड, नळीच्या प्लेटांची ट्युब्युलर आली आणि टिकली. १५० एएच हा घराघरातला आकडा त्याच काळात रुजला.

हा आकडा सी-२०चा होता. म्हणजे २० तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने रिकामी केली तर १५० एएच. तीच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर साधारण १२० ते १३० एएच हाती लागतात. इन्व्हर्टरसाठी हे चालून जाई, कारण वीज दोन-चार तासांत परत येई आणि बॅटरी लगेच भरू लागे. सौर संचात परत येणारे काही नसते. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत तिच्यावरच भिस्त असते, म्हणून सौर बॅटरी सी-१०ने, म्हणजे दहा तासांच्या हिशेबाने मोजली जाते. दुकानात मात्र दोन्ही १५० शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि स्वस्त ती सी-२० असते. फसवणूक म्हणावी तर लेबल खोटे नसते. सोपी परीक्षा वजनाची: तेवढाच एएच सांगणाऱ्या दोन बॅटऱ्यांत सी-१०ची जड भरते, कारण शिसे जास्त असते.

सरकारी अनुदानातल्या सौर दिव्यांच्या अटींनी हा घोळ अर्धा सोडवला आणि अर्धा वाढवला. अटी चांगल्या होत्या: ट्युब्युलर प्लेटा, सी-१०ने मोजलेली क्षमता, आणि ७५ टक्के क्षमता वापरता येण्याची सोय. पण त्यांतच ढगाळ हवामानासाठी तीन दिवसांचा साठाही मागितला होता. दोन्ही अटी एकत्र वाचल्या तर रोजचा वापर जेमतेम पाव बॅटरी होतो. ७५ टक्क्यांपर्यंत जायचे ते झडीच्या दिवसांतच. बाजाराने ७५चा आकडा उचलला आणि तीन दिवस सोडून दिले. आजही कोटेशनमध्ये एका रात्रीचा लोड ७५ टक्क्यांत बसवलेला दिसतो. रात्रीला एक युनिट लागते समजा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट, त्याचे ७५ टक्के १.३५. हिशेब बसला! इन्व्हर्टरची घट धरल्यावरही बसतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे श्रावणात सलग चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तो बसत नाही. निम्म्याच्या खाली रोज न जाणे हाच हिशेब धरावा, आणि त्यासाठी या घराला अशा दोन बॅटऱ्या लागतात.

दुसरा मुद्दा उन्हाळ्याचा, आणि तो आपल्याकडे मुळीच किरकोळ नाही. लेड-अ‍ॅसिडचे आयुष्य २५ ते २७ अंशांवर मोजलेले असते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५पर्यंत जातो आणि बॅटरी पत्र्याच्या खोलीत असते. तापमानाप्रमाणे चार्जिंगचा व्होल्टेज कमी करणारा कंट्रोलर नसेल तर पाणी उकळल्यासारखे उडते, आणि दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर ओतावे लागते.

मधल्या काळात मोठा सौर पैसा बॅटरीला वळसा घालूनच गेला. साक्री तालुक्यातला १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३च्या सुमारास आला, तो थेट ग्रिडला. २०१५च्या नियमांनी आलेली छतावरची नेट मीटरिंग व्यवस्थाही (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याची) बॅटरीविना. सौर कृषिपंपांनाही ती लागत नाही. दिवसा पाणी उपसून शेततळ्यात साठवले की झाले. बॅटरीचा प्रश्न उरला तो सातपुड्यातल्या विखुरलेल्या घरांपुरता. २०१७च्या घरोघर वीज योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॉटचे पॅनल आणि बॅटरी द्यायचे ठरले. पाच वर्षांची देखभाल-दुरुस्तीही त्यात धरली होती. पण त्यानंतर बॅटरी बसली की बदलायची कोणी, हा प्रश्न उरतोच.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली आहे. ८० टक्क्यांपर्यंत वापरली तरी हजारो चक्रे टिकते, पाणी मागत नाही, आणि सी-१०, सी-२०चा फरक तिच्यात जवळपास संपतो. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची एक पेटी म्हणजे पाच युनिट. जुन्या इन्व्हर्टरला जोडताना मात्र लेड-अ‍ॅसिडची इक्वलायझेशन सेटिंग (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करण्याची) बंद करावी लागते. तरीही गावात ट्युब्युलरच जास्त खपते. जुनी बॅटरी दिली की शिशाच्या वजनावर दुकानदार रोख सूट देतो. मेलेल्या लिथियमच्या पेटीला भंगारवाला हातही लावत नाही.