दोघांची मोटारयॉट आणि खवळलेला समुद्र: पार्श्वभूमी

निवृत्त नवरा-बायकोने मोटारयॉट घेऊन महासागर ओलांडला, तर आज कुणी तोंडात बोट घालत नाही. पण शिडाशिवाय, नुसत्या इंजिनाच्या भरवशावर खोल समुद्रात जाणं बराच काळ वेडेपणात जमा होतं. त्यात इंजिनापेक्षा माणसांचा प्रश्न मोठा होता. बांधणी चांगली असेल तर बोट वादळातून निघते, पण बोटीवर दोघंच असतील तर ती दोघं आधी गळून जातात. या छंदाचा इतिहास बराचसा ही दमछाक कमी करण्याचा आहे.

१९०२ मध्ये विल्यम न्यूमन आणि त्यांचा मुलगा ‘एबिएल ॲबट लो’ ही केरोसीनवर चालणारी ३८ फुटी बोट घेऊन न्यूयॉर्कहून निघाले आणि ३६ दिवसांनी इंग्लंडात फाल्मथला पोचले. १९१२ मध्ये टॉमस फ्लेमिंग डे यांनी ३५ फुटी ‘डेट्रॉइट’ अटलांटिकपार करून थेट रशियात सेंट पीटर्सबर्गपर्यंत नेली, मात्र बोटीवर चार जण होते. १९३६ मध्ये मारँ-मारी या फ्रेंच चित्रकाराने ‘आरिएल’ मोटारबोट एकट्याने न्यूयॉर्कहून फ्रान्सला आणली. वाऱ्याच्या पात्याने आपोआप सुकाणू धरण्याची सोय त्यांनी केली होती. सतत सुकाणूला चिकटून राहणं हे थकव्याचं पहिलं कारण, आणि ते इथे सुटायला लागलं.

खरं वळण आणलं रॉबर्ट बीबी या अमेरिकी नौदलातल्या निवृत्त कॅप्टनने. त्यांनी स्वतः आखलेली ५० फुटी ‘पॅसेजमेकर’ सिंगापूरला बांधून घेतली आणि १९६३ मध्ये हिंदी महासागर व तांबड्या समुद्रातून ग्रीसला नेली. त्यांचं म्हणणं साधं होतं: वेगाचा मोह सोडा. पाण्याच्या रेषेवर ४० फूट लांबीच्या जड बोटीच्या वेगाची वरची मर्यादा साडेआठ नॉटच्या (तासाला तितके समुद्री मैल) आसपास असते. डिझेलचा ताशी खर्च साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साडेसहाऐवजी आठ नॉटने गेलात, तर तासाला जवळजवळ १.९ पट डिझेल जातं आणि तेवढ्याच अंतराला दीडपट. अटलांटिकमधली बर्म्युडा ते अझोर्स ही बेटं सुमारे १,८०० समुद्री मैलांवर. साडेसहा नॉटने साडेअकरा दिवस लागतात. तासाला १० लिटर धरले तर २,८०० लिटर जातात, आणि वर २० टक्के राखीव हवेच. ‘जाऊ की थोडं जोरात’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

जड, गोलबुडी बोट काटकसरी असते, पण डुलते भयंकर. शीड नसल्याने वाऱ्याचा टेकूही मिळत नाही. यावर बीबींनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची युक्ती उचलली. दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांत तिरके खांब काढायचे आणि त्यांच्या टोकांना नाकात शिसं घातलेली त्रिकोणी पाती पंधरा-अठरा फूट खोल सोडायची. इंग्रजीत त्यांना पॅराव्हेन म्हणतात. बोट एका बाजूला कलली की वर ओढलं जाणारं दुसऱ्या बाजूचं पातं पाण्याला अडतं आणि डोल निम्म्याहून कमी होतो. बदल्यात वेग अर्धा-पाऊण नॉट घटतो. दोरी आखूड ठेवली तर मोठ्या लाटेत पातं पाण्याबाहेर उसळून बोटीवर आदळतं. पाती खाली असताना इंजिन उलटं फिरवलं तर दोरी बोट ढकलणाऱ्या पंख्यात गेलीच समजा. आणि भर वादळात ती वर घेणं दोघांना जड जातं, कारण त्यासाठी वेग कमी करावा लागतो आणि तेव्हाच बोट जास्त डुलते.

म्हणून पुढे मोठ्या जहाजांवरच्या हायड्रॉलिक फिन्स, म्हणजे तेलाच्या दाबाने वळणारे पाण्याखालचे पंख, यॉटवर आल्या. बटण दाबलं की काम सुरू. मात्र फिनची ताकद वेगाच्या वर्गावर ठरते. समोरून लाटा येतात म्हणून सहावरून तीन नॉटवर आलात, की फिनची ताकद चौथाईच उरते, म्हणजे गरज असते तेव्हाच ती लंगडी पडते. तेलाच्या सील गळतात, तेल तापतं, तरंगता ओंडका फिनवर आदळतो. जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने डोल कमी करणारं यंत्र, थांबलेल्या बोटीवरही चालतो, पण त्याला वीज अखंड लागते. दूरच्या प्रवासाला निघणारे काही जण फिन्स असूनही पॅराव्हेनचे खांब ठेवतात. ते बरोबरच आहे.

१९८९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक एशियन एंटरप्रायझेस कंपनीने ‘नॉर्डहॅवन ४६’ आणली. दोघांनी चालवायची, महासागर झेपणारी बोट तयार विकत मिळू लागली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एका दांपत्याने तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणाही केली. २००४ मध्ये याच कंपनीच्या मेळाव्यातल्या १८ बोटी फ्लोरिडाहून बर्म्युडा, अझोर्स करत जिब्राल्टरला गेल्या.

इतकं सुधारूनही वादळात इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा डिझेलमुळे. टाकीच्या तळाला पाणी साचतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जीवाणू वाढतात, गाळ बसतो. शांत समुद्रात हे कळत नाही. लाटांनी टाकी घुसळली की सगळं वर येऊन फिल्टर तुंबतो. उपाय म्हणजे दुहेरी फिल्टर आणि मध्ये बदलीची कळ. सोबत निर्वात-मापी बसवायचा, म्हणजे फिल्टर किती तुंबला ते कळतं. नव्या फिल्टरवर काटा पाऱ्याच्या दोन-तीन इंचांच्या आत असतो, तो आठ-दहाकडे सरकला की कळ दुसऱ्या फिल्टरच्या भांड्यावर फिरवायची. मग तुंबलेल्या भांड्याचं झाकण उघडून काडतूस बदलायचं, भांडं काठोकाठ डिझेलने भरायचं, रबरी कडं नीट बसल्याचं पाहून झाकण आवळायचं. भांड्यात हवा राहिली तर पुढच्या वेळी कळ फिरवताच इंजिन गचके खातं. तापलेल्या इंजिनखोलीत, लोळणाऱ्या बोटीत हे करायचं असतं, म्हणून निघण्याआधी टाकीच्या तळातलं डिझेल उपसून बघावं. गाळलेलं डिझेल भरून ठेवायची छोटी दिवस-टाकी असेल तर तेच इंजिनाला मिळतं.

पहाऱ्याच्या पाळीचा प्रश्न यंत्रांनी निम्माच सोडवला. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमावलीतला पाचवा नियम सतत नजर ठेवायला सांगतो, बोटीवर दोघंच असली तरी. २० नॉटचं जहाज समोरून येत असेल आणि तुम्ही साडेसहाने जात असाल, तर आठ मैलांचं अंतर १८ मिनिटांत संपतं. ऑटोपायलट, रडार आणि २००४ पासून मोठ्या जहाजांवर सक्तीचं झालेलं एआयएस (जहाजाचं नाव, जागा, वेग रेडिओवरून कळवणारी यंत्रणा) यांनी पाळीचं काम हलकं केलं. तरी रात्री तीन-चार तासांच्या पाळ्या आणि दर दहा-बारा मिनिटांनी वाजणारा गजर ही पद्धत टिकून आहे.

निवृत्तांची मोठी जमेची बाजू म्हणजे घाई नसते. अटलांटिक पूर्वेकडे ओलांडायचा तर साधारण मे मध्य ते जून मध्य ही खिडकी. १ जूनपासून चक्रीवादळांचा मोसम मानतात, त्यामुळे उशीर परवडत नाही, पण वाईट अंदाज असेल तर बंदरात आठवडाभर थांबता येतं. तरीही समुद्रात गाठलंच, तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाटेकडे करून दोन-तीन नॉटवर येणं हा पहिला पर्याय. मागून येणाऱ्या उंच लाटेपुढे पळताना बोट आडवी फेकली जाण्याचा धोका असतो, म्हणून बाजूच्या मोठ्या काचांवर निघण्याआधीच पॉलिकार्बोनेटच्या झडपा बसवतात.

एक वाद अजून मिटलेला नाही: एक इंजिन की दोन? एका इंजिनाचे पुरस्कर्ते घरी पोचवणारं छोटं दुसरं इंजिन ठेवतात. ते तीन-चार नॉट देतं. पण मोठं इंजिन ज्या टाकीतल्या गाळाने बंद पडलं तिचंच डिझेल त्याला जोडलं असेल, तर तेही थोड्याच वेळात थांबेल. त्याची टाकी आणि फिल्टर वेगळेच हवेत.