जोरात मारलं की होल लहान होतं

‘लाइन तर बरोबर होती!’ गोल्फच्या पटिंग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, नवख्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. चेंडू होलच्या काठावरून गिरकी घेऊन बाहेर पडतो आणि दोष जातो नशिबाला, नाहीतर पटरला, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायच्या काठीला. पुण्यातल्या वाड्यांच्या अंगणात गोट्या खेळलेल्यांना खरं कारण ठाऊक असायला हवं. जोरात आलेली गोटी गलीत पडत नाही, गलीवरून पुढे निघून जाते.

गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा 42.67. म्हणजे अडीच चेंडू शेजारी शेजारी बसतील एवढी जागा. तरीही चेंडू बाहेर का राहतो?

चेंडूचा मध्य होलची अलीकडची कड ओलांडतो तेव्हा खालचा आधार सुटतो. तिथून पलीकडच्या कडेला भिडेपर्यंत त्यानं निदान स्वतःच्या त्रिज्येइतकं, म्हणजे 21.3 मिमी, खाली यायला हवं. तेवढं खाली आला तर कडेवर आपटूनही आत पडेल, नाहीतर कडेवरून उडेल. गुरुत्वाकर्षणाला 21.3 मिमीसाठी सुमारे 0.066 सेकंद लागतात (शाळेतलं s = ½gt²). एवढ्या वेळात चेंडूनं पुढे जायचं अंतर 108 वजा 21.3, म्हणजे 86.7 मिमी. भागाकार केला की वेगाची मर्यादा मिळते: सेकंदाला 1.3 मीटर. हिशेब ढोबळ आहे. मागच्या कडेवरून उसळून पुन्हा आत पडणारे चेंडू यात धरलेले नाहीत.

पण ही मर्यादा होलच्या बरोबर मधून जाणाऱ्या चेंडूची. चेंडू मध्यापासून 4 सेंटिमीटर बाजूनं गेला, तर त्याची वाट व्यासावरून न जाता एका आखूड जीवेवरून जाते. ती जीवा जेमतेम 73 मिमीची. त्रिज्या वजा केली की उरतात 51 मिमी, आणि वेगाची मर्यादा उतरते 0.78 मीटरवर. उलटीकडून बघा: वेग जितका जास्त, तितकी होलची ‘कामाची’ रुंदी कमी.

मैदानावर वेग मोजायला यंत्र नसतं, पण चुकलेला चेंडू होलच्या किती पुढे जाऊन थांबतो हे दिसतं. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरनं मोजतात: खाच असलेली अॅल्युमिनिअमची पट्टी साधारण 20 अंशांपर्यंत उचलली की चेंडू घरंगळतो आणि सेकंदाला 1.83 मीटर वेगानं गवतावर उतरतो. तो जितके फूट जाईल तितका ग्रीनचा आकडा. आकडा 8 असलेल्या सपाट ग्रीनवर हिशेब असा येतो. होल नसतं तर 45 सेमी पुढे थांबला असता अशा चेंडूसाठी होलची रुंदी 8 सेमी उरते. 80 सेमी पुढे जाणाऱ्यासाठी 6 सेमी. आणि 1.2 मीटर पुढे जाणाऱ्यासाठी जेमतेम 2 सेमी, म्हणजे खुद्द चेंडूच्या निम्मी!

मग अगदी हळू, होलच्या तोंडाशीच थांबेल असा का मारू नये? कारण मंदावलेल्या चेंडूला गवताचा प्रत्येक उंचवटा आणि बुटांचा प्रत्येक ठसा ढकलतो. शिवाय अलीकडे थांबलेला चेंडू आत जाण्याचा प्रश्नच नसतो.

म्हणून नवशिक्याला आधी अंतर शिकवावं, दिशा नंतर. पहिल्या सरावात होल नकोच. 2 मीटरवर एक सुतळी आडवी टाका, तिच्या पलीकडे 45 सेमीवर दुसरी. दहा चेंडू मारायचे, सगळे दोन सुतळ्यांच्या मध्ये थांबले पाहिजेत. जमलं की 3 मीटर, मग 4. इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात: अंतर चौपट म्हणून पटरही चौपट मागे नेतात. लय तीच ठेवली तर पटर दुप्पट मागे नेल्यावर वेग दुप्पट होतो, आणि घरंगळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. 1 मीटरसाठी 10 सेमी मागे नेत असाल, तर 4 मीटरला 20 सेमी पुरतात. 40 सेमी नेणाऱ्याला मधेच भीती वाटते, तो चेंडूपाशी येऊन हात आवरतो, आणि तिथेच पटरचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) डगमगतो.

दिशेसाठी फाटक. चेंडूपुढे 30 सेमीवर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, मधलं अंतर 53 मिमी. चेंडूला दोन्ही बाजूंनी 5-5 मिमी मोकळे. यातून सुटलेला चेंडू एका अंशाहून कमी चुकलेला असतो, म्हणजे 2 मीटरवर सुमारे 33 मिमी. योग्य वेगाच्या 8 सेमी रुंदीत तो बसतो, 1.2 मीटरवाल्या वेगाला नाही. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू सतत डाव्या टीवर आपटत असेल, तर फेस डावीकडे वळलेला आहे. कधी डावी, कधी उजवी टी पडत असेल, तर मारताना मनगट मोडतंय, म्हणजे वाकतंय. डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली फूटपट्टी अशी खोचा की ती पंजाच्या पाठीला टेकून बोटांकडे जाईल. मनगट मोडलं की ती लगेच टोचते.

‘टॉपस्पिन देणाऱ्या’ महागड्या पटरच्या जाहिरातींकडे मात्र काणाडोळा करा. पटरनं मारलेला चेंडू आधी घसरतो आणि घर्षणामुळे घरंगळू लागतो. सुरुवातीला फिरकी नसेल तर भरीव गोल पूर्ण घरंगळायला लागेपर्यंत वेग मूळच्या 5/7 वर आलेला असतो. सेकंदाला 2 मीटरनं निघालेल्या चेंडूचं हे घसरणं पाव मीटरच्या आसपास आटपतं. होलपाशी पोचतो तो घरंगळणाराच, पटर कुठलाही असो. मनगटातल्या चुंबकी कड्याबद्दल तर बोलायलाच नको.

घरी सराव करायचा तर फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर नको. तिथे चेंडू थांबतच नाही आणि हाताला भलत्याच जोराची सवय लागते. दाट सतरंजी किंवा जुना गालिचा बरा. येरवड्याच्या मैदानावर पावसाळ्यात जाल तेव्हा ओल्या गवतावर तोच हात आखूड पडेल, म्हणून आधी होलकडे न बघता तीन चेंडू सुतळ्यांमध्ये मारून बघा.