मल्टी-मॉनिटर व्यवस्थापन सॉफ्टवेअर

एका संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडल्यावर कोणती विंडो कुठे उघडेल, टास्कबार (चालू प्रोग्रामांची पट्टी) कुठे दिसेल, प्रत्येक पडद्याची अक्षरे केवढी असतील, हे ठरवणारी साधने. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या डिझाइन ऑफिसांत एका मॉनिटरवर कॅडचे ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर ग्राहकाची मेल, ही नेहमीची मांडणी. कर सल्लागारांकडे टॅली आणि जीएसटी पोर्टल असेच शेजारी-शेजारी उघडे असतात. दुसरा मॉनिटर बहुधा जुन्या संगणकाचा उरलेला असतो, आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

मॅकिंटॉश २ या संगणकावर एकाहून अधिक मॉनिटरांची सोय १९८७ मध्येच होती. विंडोजमध्ये ती ‘विंडोज ९८’पासून आली, कमाल नऊ मॉनिटरांपर्यंत. मात्र टास्कबार पुढेही बरीच वर्षे एकाच पडद्यावर राहिला. ही उणीव भरून काढत अल्ट्रामॉन आणि डिस्प्लेफ्यूजन ही साधने लोकप्रिय झाली: प्रत्येक पडद्याला स्वतंत्र टास्कबार, वेगळा वॉलपेपर, एका बटणात विंडो पलीकडे. नंतर मायक्रोसॉफ्टने यातले बरेच काही विंडोजमध्येच घेतले. विंडोज ७ मध्ये विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून विंडो दुसऱ्या मॉनिटरवर नेता येऊ लागली; २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सर्व पडद्यांवर टास्कबार आला. २०१९ पासून मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत साधनसंचातील फॅन्सीझोन्स पडद्याचे हवे तसे कप्पे पाडून देते. त्यामुळे साध्या ऑफिसकामासाठी आज वेगळे साधन विकत घेण्याचे कारण फारसे उरलेले नाही.

खरी कसोटी लागते ती विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्यात. डिस्प्लेपोर्ट या नव्या प्रकारच्या केबलने जोडलेले अनेक मॉनिटर बंद केले की संगणकाला ते काढून घेतल्यासारखेच वाटतात आणि सगळ्या विंडो उरलेल्या पडद्यावर गोळा होतात. लाइट गेली, इन्व्हर्टरवर एकच मॉनिटर चालू राहिला, की हाच अनुभव. जुन्या व्हीजीए जोडणीत सहसा असे होत नाही, कारण मॉनिटर बंद झाल्याचे संगणकाला कळतच नाही. २०२१ च्या विंडोज ११ ने मॉनिटर परत जोडल्यावर विंडो मूळ जागी नेण्याची सोय दिली. तरीही संपूर्ण मांडणी नाव देऊन जतन करणे आणि हवी तेव्हा परत लावणे यासाठी डिस्प्लेफ्यूजनसारखे साधन अधिक भरवशाचे ठरते. उलट प्रकारही घडतो. ऑफिसात दोन पडद्यांवर काम करून लॅपटॉप घरी नेला, की एखादा प्रोग्राम आता नसलेल्या मॉनिटरवर उघडतो आणि दिसतच नाही. अशा वेळी ऑल्ट-टॅब कळांनी तो निवडून विंडोज आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ एकत्र दाबली, की विंडो बहुधा परत येते.

दुसरा त्रास अक्षरांच्या आकाराचा. १९२० × १०८० बिंदूंचा (पिक्सेलचा) १४ इंची लॅपटॉप इंचाला सुमारे १५७ बिंदू दाखवतो. तेवढ्याच बिंदूंचा २४ इंची मॉनिटर सुमारे ९२. दोन्हींना अक्षरे मोठी करण्याचे एकच प्रमाण लावले तर एकीकडे मुंग्या, दुसरीकडे मोठी अक्षरे. विंडोज ८.१ पासून प्रत्येक पडद्याला वेगळे प्रमाण देता येते. पण जुने सॉफ्टवेअर ते जुमानत नाही आणि पडदा बदलताच धूसर दिसते. यावर बाहेरच्या साधनाकडेही पक्का इलाज नाही. नवा मॉनिटर घेताना बिंदूंची दाटी जुळवून घेणे शहाणपणाचे.

लिनक्सवर एक्स११ या पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीत एक्सरँडआर ही आज्ञा आणि तिचे चित्ररूप एरँडआर वापरतात. ऑटोरँडआर जोडलेले मॉनिटर ओळखून जतन केलेली मांडणी लावते. वेलँड या तिच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर हे काम डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमधून होते. मॅकवर विंडो बसवण्यासाठी रेक्टँगल हे मोफत साधन आहे. ट्विंकल ट्रेसारखी साधने डीडीसी/सीआय या, केबलमधूनच मॉनिटरला आज्ञा देण्याच्या मार्गाने मॉनिटरचा उजेड थेट संगणकावरून कमी-जास्त करतात. मात्र ती सोय मॉनिटरच्या मेनूत चालू असावी लागते. माउस विदाउट बॉर्डर्स वेगळ्या जातीचे: ते एका माउस-कीबोर्डवर अनेक संगणक चालवते, एका संगणकाचे पडदे वाढवत नाही.