रस्टमधली हीप मेमरी: गळती ‘सेफ’ कशी ठरली?

रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतलेल्यांना थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास पडतो. उसन्या संदर्भांवरून (मालकी न घेता दुसऱ्याची वस्तू वापरण्यावरून) ओळीओळीला अडवणारा हा कंपायलर, दोन आरसी (एका वस्तूला किती जण धरून आहेत ते मोजणारे पॉइंटर) एकमेकांना धरून बसले आणि त्यांची हीपवरची, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेली, मेमरी कायमची अडकली, तरी अवाक्षर काढत नाही. असं कसं? अधिकृत दस्तऐवजात तर सरळच म्हटलंय की मेमरी लीक होणं (काम संपूनही ती परत न मिळणं) ‘अनसेफ’, म्हणजे मेमरीची सुरक्षितता मोडणारं, मानलं जात नाही. ही भूमिका पहिल्या दिवसापासूनची नव्हे. २०१५ च्या एप्रिलमध्ये, १.० आवृत्ती तोंडावर आलेली असताना ती घ्यावी लागली. आज बॉक्स, आरसी, आर्क आणि मंडळी, म्हणजे रस्टचे स्मार्ट पॉइंटर (आपल्या वस्तूची मेमरी स्वतःच सोडणारे), जशी वागतात त्यातलं बरंच काही तिथून आलंय.

मागचा इतिहास थोडक्यात. रेफरन्स मोजण्याची पद्धत (वस्तूला धरून असलेल्यांची मोजणी शून्य झाली की मेमरी सोडायची) १९६० सालची. वर्तुळात अडकलेल्या वस्तू तिला सोडवता येत नाहीत, हेही १९६३ पर्यंत छापून आलेलं होतं. सी++ च्या १९९८ च्या मानकात ऑटो पॉइंटर आला. त्याची नक्कल केली की मूळ पॉइंटर गुपचूप रिकामा व्हायचा, त्यामुळे तो कंटेनरमध्ये ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. २०११ च्या मानकाने युनिक आणि शेअर्ड पॉइंटर आणले, ऑटो पॉइंटर टाळा असं सांगितलं आणि २०१७ मध्ये तो काढूनच टाकला. युनिक पॉइंटरची मालकी हलवली की मागे नल (रिकामा पत्ता) उरतो, आणि त्या नलमधून वाचायला गेलात तर भाषा अडवत नाही. रस्टने नेमकं हेच कंपाइल होताना पकडायचं ठरवलं.

रस्टच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र स्मार्ट पॉइंटर लायब्ररीत नव्हते, व्याकरणातच होते. ~ हे चिन्ह म्हणजे एकाच मालकाची हीपवरची वस्तू. @ म्हणजे सामायिक वस्तू: सध्या मोजणीवर चालवायची आणि पुढेमागे गार्बेज कलेक्टरकडे (वापरात नसलेली मेमरी आपोआप गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे) सोपवायची. दोन्हींसाठी हीपही वेगळे. @ च्या वस्तू ज्या त्या टास्कच्या (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या) खाजगी हीपवर, ~ च्या वस्तू टास्कांना आपसांत देता-घेता येतील अशा हीपवर. त्या काळातला कोड आज उघडला तर साधी स्ट्रिंगसुद्धा ~ लावून लिहिलेली दिसते. चिन्हांनी नवखे गोंधळायचे ते वेगळंच, पण खरी अडचण अशी की चिन्ह भाषेत असलं की ते एकाच हीपशी आणि एकाच तऱ्हेच्या मोजणीशी बांधलं जातं. मग ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्याने किंवा मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्याने काय करायचं? २०१४ संपेपर्यंत दोन्ही चिन्हं गेली. ~ चा बॉक्स झाला, @ चं काम आरसीकडे आलं, आणि थ्रेडांमध्ये (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये) वाटून घ्यायचं असेल तर अ‍ॅटॉमिक (अनेक थ्रेडांनी एकदम बदलली तरी न चुकणाऱ्या) मोजणीचा आर्क. आरसी दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायला गेलं तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणून तिथे अ‍ॅटॉमिक नसलेली स्वस्त मोजणी निर्धास्त वापरता येते. माझ्या मते सगळ्या फेरबदलातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

गार्बेज कलेक्टर मात्र येणार येणार म्हणत आलाच नाही. म्हणजे वर्तुळं साफ करायला कुणी उरलं नाही. याचा हिशेब लवकरच चुकता करावा लागला.

तेव्हाच्या मानक लायब्ररीत स्कोप्ड थ्रेडची सोय होती. एरवी नव्या थ्रेडला आपल्या स्टॅकवरचं (फंक्शन संपताच जाणाऱ्या मेमरीतलं) काही उसनं देता येत नाही, कारण आपलं फंक्शन आधी संपलं तर थ्रेडच्या हाती मेलेला पत्ता उरतो. या सोयीने त्यावर तोड काढली होती. थ्रेड सुरू केला की बदल्यात एक गार्ड मिळायचा. गार्डचा डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना चालणारा कोड) चालला की थ्रेड संपेपर्यंत तो तिथेच थांबायचा. उसन्या डेटापेक्षा गार्ड जास्त काळ हातात राहणार नाही, हे कंपायलर बघायचा. तेव्हा फंक्शन परतण्याआधी डिस्ट्रक्टर चालणार, थ्रेड संपणार, सगळं सुखरूप.

घोडं पेंड खात होतं ते ‘डिस्ट्रक्टर चालणार’ इथे. गार्ड मर्यादेबाहेर वापरला जाणार नाही याची हमी भाषा देत होती. त्याचा डिस्ट्रक्टर चालेलच, ही हमी तिने कधी दिलीच नव्हती; सगळ्यांनी ती गृहीत धरली होती.

प्रयोग सोपा होता. एक आरसी घ्या, त्यात रेफसेल (आतलं मूल्य नंतरही बदलू देणारा डबा), आणि रेफसेलमध्ये तो गार्ड व त्याच आरसीची दुसरी प्रत ठेवा. बाहेरचं हँडल सोडा. मोजणी दोनवरून एकवर येते आणि तिथेच थांबते. शून्य होत नाही, म्हणून आतला गार्ड नष्ट होत नाही, म्हणून थ्रेडसाठी कुणी थांबत नाही. आपलं फंक्शन परततं, त्याची स्टॅक फ्रेम जाते, त्याच जागेवर पुढचं फंक्शन आपली व्हेरिएबल्स मांडतं, आणि इकडे थ्रेड अजून जुन्या पत्त्यावर लिहितोच आहे. हे सगळं एकही अनसेफ ब्लॉक (कंपायलरच्या काही तपासण्या बाजूला ठेवणारा भाग) न लिहिता.

बीटा ३ एप्रिलला निघालेली होती, १.० ची तारीख १५ मे. त्यामुळे वाद तापला तो दोष कुणाच्या पदरात घालायचा यावर. एका गटाचं म्हणणं, दोष आरसीचा. डिस्ट्रक्टर चालणं ही हमी अनमोल आहे, ती टिकवायची तर काही प्रकार ‘हे लीक करू नका’ अशी खूण लावून वेगळे काढावेत आणि आरसीने ते आत घ्यायलाच नकार द्यावा. त्यासाठी नवा ट्रेट (प्रकाराला लावायचा गुणधर्म) सुचवला गेला. दुसरी सूचना अशी की उसने संदर्भ बाळगणाऱ्या वस्तू आरसीत ठेवायलाच बंदी घालावी. उलट बाजूचं म्हणणं, एकट्या आरसीला शिक्षा करून काय होणार? थ्रेडांमध्ये निरोप नेणाऱ्या चॅनलचा रिसीव्हर त्याच चॅनलमधून पाठवून दिला तरी तेच वर्तुळ होतं. कधीच न संपणाऱ्या थ्रेडकडे वस्तू सोपवली तर वर्तुळाचीही गरज नाही. शिवाय असा ट्रेट आणला की जगातल्या प्रत्येक जेनेरिक (कुठलाही प्रकार आत घेणाऱ्या) कंटेनरला त्याच्याबद्दल भूमिका घ्यावी लागणार.

दुसरी बाजू जिंकली. डिस्ट्रक्टर चालण्यावर सुरक्षितता अवलंबून ठेवायची नाही, असा नियम झाला. स्कोप्ड थ्रेडची ती सोय १.० च्या स्थिर भागातून बाहेर गेली. आणि फरगेट हे फंक्शन, जे वस्तू घेतं आणि डिस्ट्रक्टर न चालवता सोडून देतं, ते तोवर अनसेफ होतं ते सेफ झालं. सेफ कोडमधून लीक करता येतंच, तर एका फंक्शनवर पाटी लावून काय उपयोग, हा त्यामागचा रोखठोक युक्तिवाद. निर्णय मला पटतो. मात्र ‘लीक रोखणं अशक्यच होतं’ अशा सुरात जी हकिगत नंतर सांगितली जाते ती तितकीशी प्रामाणिक नाही. तो ट्रेट अशक्य नव्हता, महाग होता, आणि कॅलेंडर भिंतीवर होतं.

किंमत लायब्ररी लिहिणाऱ्यांनी मोजली. व्हेक्टरमधले (वाढत्या यादीतले) घटक काढून देणारं ड्रेन बघा. सरळ विचार केला तर घटक देत जायचे आणि शेवटी डिस्ट्रक्टरमध्ये व्हेक्टरची लांबी दुरुस्त करायची. पण तो डिस्ट्रक्टर चाललाच नाही तर व्हेक्टर देऊन टाकलेले घटकही आपलेच समजणार, आणि तीच मेमरी दोनदा मोकळी होणार. म्हणून ड्रेन सुरुवातीलाच लांबी आखूड करून ठेवतं: पूर्ण व्हेक्टर उपसायला घेतला तर थेट शून्य. मध्येच कुणी त्याला फरगेटमध्ये टाकलं तर उरलेले घटक लीक होतात, भलतं काही वाचलं जात नाही. थोडी गळती पत्करून मोठी दुर्घटना टाळायची, ही रीत तेव्हापासून रूढ झाली. मोजणीचंही तसंच. आरसीची प्रत काढायची आणि फरगेट करायची, असं लूपमध्ये केलं तर ३२ बिटांच्या यंत्रावर मोजणी फिरून शून्यापाशी येऊ शकते. म्हणून आता मोजणी मर्यादेबाहेर गेली की आरसी आणि आर्क प्रोग्रॅमच बंद पाडतात.

वर्तुळ तोडण्यासाठीचा वीक पॉइंटर (जो वस्तूला जिवंत ठेवत नाही) २०१५ मध्येच, १.४ मध्ये स्थिर झाला. २०१८ मध्ये १.२६ ने बॉक्सला लीक नावाचं अधिकृत फंक्शनच दिलं. प्रोग्रॅम संपेपर्यंत लागणारी कॉन्फिगरेशन त्यात बिनधास्त सोडून देतात. स्कोप्ड थ्रेड परत यायला मात्र २०२२ चा ऑगस्ट उजाडला, १.६३ मध्ये. यावेळी गार्ड वापरणाऱ्याच्या हातात दिलाच नाही. आपण क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल्स वापरू शकणारं निनावी फंक्शन) द्यायचं, लायब्ररीचं फंक्शन ते चालवतं आणि आतले सगळे थ्रेड संपल्याशिवाय परततच नाही. विसरायला हाती काही नाही, तर विसरणार काय? असिंक (मध्ये थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या) कोडमध्ये ही युक्ती तशीच चालत नाही, कारण तिथे अख्खं फ्यूचरच (अजून पूर्ण न झालेलं काम) अर्ध्यावर फरगेट करता येतं. जुना ट्रेट हवा होता असं म्हणणारे म्हणूनच अधूनमधून डोकं वर काढतात.

मेमरी नेमकी कुठून आणायची, हा प्रश्न या सगळ्यात मागे राहिला होता. २०१८ च्या १.२८ मध्ये अख्ख्या प्रोग्रॅमला मेमरी मिळवून देणारा अ‍ॅलोकेटर बदलता येऊ लागला. जानेवारी २०१९ च्या १.३२ पासून जेमॅलॉक हा डिफॉल्ट न राहता यंत्रणेचा स्वतःचा अ‍ॅलोकेटर आला. एकेका बॉक्सला वेगळा अ‍ॅलोकेटर देण्याचं घोंगडं मात्र अजून भिजतच पडलंय.

लिनक्स कर्नलला (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) इतकं थांबणं परवडणारं नव्हतं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये तिथे रस्टचा शिरकाव झाला, पण त्याआधीच, २०२१ मध्ये, मोठी हरकत आली होती ती याच मुद्द्यावर: मेमरी मिळाली नाही म्हणून कोडने पॅनिक करणं (काम तिथेच टाकून कोसळणं) कर्नलमध्ये खपवून घेतलं जाणार नाही. जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये कर्नलने मानक अ‍ॅलॉक लायब्ररी बाजूला ठेवून आपले बॉक्स आणि व्हेक्टर आणले. तिथे मेमरीच्या प्रत्येक मागणीसोबत फ्लॅग (ती कशी हवी हे सांगणारी खूण) द्यावा लागतो आणि उत्तरात अपयशही येऊ शकतं. आर्क तर कर्नलचा आधीपासूनच वेगळा होता. त्यात वीक पॉइंटर नाही, कारण दुसऱ्या मोजणीची जागा वाचते. आणि मोजणी मर्यादेबाहेर गेली तर तो यंत्र बंद पाडत नाही, आकडा तिथेच गोठवतो आणि ती वस्तू कायमची लीक होऊ देतो.