पंचेचाळीस शितं

१९५७ साली सिनसिनाटीच्या लोकांनी आपल्या बेसबॉल संघावर इतकं प्रेम केलं, की साऱ्या अमेरिकेतल्या प्रेक्षकांचा मताधिकार पुढची बारा वर्षं काढून घेतला गेला.

निमित्त होतं ऑल-स्टार सामन्याचं. अमेरिकेतलं अव्वल बेसबॉल, म्हणजे मेजर लीग, दोन लीगमध्ये वाटलेलं आहे. हंगामाच्या मध्यावर, जुलैमध्ये, अमेरिकन लीगचे निवडक खेळाडू विरुद्ध नॅशनल लीगचे निवडक खेळाडू असा हा सामना होतो. पहिला १९३३ साली शिकागोत झाला. १९५७ मध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सोडून बाकीच्या आठ जागांसाठी प्रेक्षक मत देत होते. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राने आपल्याच संघाची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापून वाटल्या. निकाल लागला तेव्हा नॅशनल लीगच्या आठांपैकी सात जण सिनसिनाटीचे! आठवा, सेंट लुइसचा स्टॅन म्युझियल, कसाबसा तरला. चौकशीत कळलं, की निम्म्याहून अधिक मतं एकट्या सिनसिनाटीतून आली होती. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना पहिल्या फळीतून काढलं आणि त्यांच्या जागी विली मेझ आणि हँक ॲरन यांना घातलं. हे दोघे त्या काळचे अव्वल फलंदाज; त्यांना डावलून कुणी संघ काढावा, म्हणजे कमालच.

ही गावकी काही संपलेली नाही. २०१५ मध्ये मतदान ऑनलाइन झालं, तेव्हा कॅन्सस सिटीच्या लोकांनी तोच उद्योग केला आणि ६ कोटींहून अधिक मतं रद्द करावी लागली. पण लबाडी पकडायला सोपी असते. खरी पंचाईत होते ती मतदार प्रामाणिक असतात तेव्हा. एकाच जागेसाठी दोन खेळाडू आहेत. जुलैच्या सुरुवातीला एकाची सरासरी ०.२८५, दुसऱ्याची ०.२६५. हक्क कुणाचा?

इथे क्रिकेटची सवय बाजूला ठेवावी लागते. बेसबॉलमधली सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होणं नव्हे. फलंदाजाला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने फटका मारून बेस, म्हणजे मैदानातल्या चार टप्प्यांपैकी एक, गाठला, हे ते प्रमाण. दहात तीनदा जमलं तर ०.३००, आणि तेवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं नावाजला जातो. म्हणजे उत्तम फलंदाजही दहातल्या सात वेळा हात हलवत परततो.

आता शितावरून भाताची परीक्षा करू. जुलैच्या सुरुवातीपर्यंत नियमित खेळणाऱ्याला साधारण ३०० संधी मिळालेल्या असतात. समजा, एखाद्याची खरी कुवत ०.२७० आहे. प्रत्येक संधी हे शंभरात सत्तावीस वेळा ‘छापा’ पडणारं नाणं मानलं, तर ३०० फेकींनंतरचं प्रमाण ०.२७० च्या आसपास ०.०२६ ने सहज इकडेतिकडे होतं. म्हणजे त्याच माणसाचा कागदावरचा आकडा ०.२४४ दिसला काय किंवा ०.२९६ दिसला काय, त्यात नवल काहीच नाही. एकाला लोक म्हणतात ‘संपला’, दुसऱ्याला म्हणतात ‘तारा’, आणि माणूस तोच.

दोघांची तुलना करताना तर दोघांचंही नशीब हिशेबात येतं. खरी कुवत ०.२८० असलेला एक आणि ०.२६० असलेला दुसरा घ्या. हा फरक लहान नाही. तरी ३०० संधींनंतर दुसरा पहिल्याच्या पुढे दिसण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के निघते. अशा दहा वादांपैकी तीनांत कागद आपल्याला उलटं सांगणार. शिवाय मतं जुलैपर्यंत थांबत नाहीत, जूनमध्येच पडायला लागतात, आणि तेव्हा भांड्यात शितं आणखी कमी असतात.

मग करायचं काय? याचं उत्तर देणारं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण बेसबॉलमधलंच आहे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले अठरा फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या तोवर बरोबर ४५ संधी झाल्या होत्या. सर्वांत वर होता पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे: ४५ पैकी १८, म्हणजे ०.४००. जवळजवळ तळाशी होता न्यूयॉर्क यांकीजचा नवखा थर्मन मन्सन: ४५ पैकी ८, ०.१७८. त्याच्या खाली फक्त एक जण होता. प्रश्न असा, की एवढ्यावरून उरलेल्या हंगामात कोण कसा खेळेल ते सांगा.

सरळ माणूस म्हणेल, क्लेमेंटे ०.४०० ने खेळेल आणि मन्सन ०.१७८ ने. एफ्रॉन आणि मॉरिस यांनी आधी पाहिलं, की अठरा आकडे एकमेकांपासून किती पांगले आहेत. ही पांगापांग सुमारे ०.०७० होती. आणि सगळ्यांची कुवत अगदी एकसारखी असती, तरी ४५ संधींत निव्वळ योगायोगाने ती ०.०६६ झालीच असती. कौशल्याच्या वाट्याला उरतं ते चिमूटभर. म्हणून त्यांनी प्रत्येकाचा आकडा अठराजणांच्या सरासरीकडे, ०.२६५ कडे, जोरात ओढला: सरासरीपासून जेवढं अंतर असेल त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा ठेवायचा आणि बाकी सोडून द्यायचा. क्लेमेंटे आला ०.२९४ वर, मन्सन चढला ०.२४७ वर.

हंगाम संपला. उरलेल्या सामन्यांत क्लेमेंटेची सरासरी होती ०.३४६, मन्सनची ०.३१६. दोघांच्याही बाबतीत ओढलेला अंदाज साध्या आकड्यापेक्षा जवळचा ठरला. अठराजणांची चूक एकत्र मोजली, तर ती साध्या पद्धतीच्या साडेतीनपट कमी होती. तळाचा मन्सन त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, हे जाता जाता.

या पद्धतीमागचं गणित चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ साली मांडलं, तेव्हा भल्याभल्यांना ते पटेना. तीन किंवा त्याहून जास्त गोष्टींचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येकीचा स्वतंत्र आकडा घेण्यापेक्षा सगळ्यांना एका ठरलेल्या बिंदूकडे ओढल्याने एकूण चूक कमी होते, असं ते सिद्ध करतं. मन्सनबद्दल क्लेमेंटेचे आकडे काही सांगतील, हे मनाला खटकतंच. पण ते मन्सनबद्दल सांगत नसून भाताबद्दल सांगतात: या लीगमध्ये फलंदाज साधारण कुठे असतात आणि त्यांच्यात फरक केवढा असतो.

यात एक खाच आहे, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. क्लेमेंटेचा अंदाज सुधारला खरा, पण तरीही तो फारच खाली गेला. कारण सूत्राला फक्त ४५ शितं माहीत होती. क्लेमेंटेने त्याआधी चार वेळा नॅशनल लीगचं फलंदाजीचं विजेतेपद घेतलं होतं, हे सूत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑल-स्टारच्या वादात ‘पण गेली पाच वर्षं बघा ना’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या चाहत्याला लोक जुनाट म्हणतात. गणित त्याच्या बाजूचं आहे.

उलट बाजूला ब्रायन लाहेअर उभा आहे. शिकागो कब्जचा हा फलंदाज २०१२ च्या एप्रिलमध्ये असा काही पेटला, की पाहणारे थक्क झाले. जुलैत तो ऑल-स्टार होता. हंगाम संपला तेव्हा सरासरी ०.२५९ वर आली होती, आणि पुढच्या वर्षी तो जपानमध्ये खेळत होता. मेजर लीगमध्ये तो परतला नाही. नव्याचे नऊ दिवस. फटका मारल्यावर चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो की दोघांच्या मधून निसटतो, यात फलंदाजाचा हात असतो, पण पूर्ण नसतो. अलीकडे हे थोडं सुटं करता येतं. २०१५ पासून सगळ्या ३० मैदानांवर चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात सुटला ते मोजलं जातं, आणि तसे फटके एरवी किती वेळा हिट, म्हणजे बेस गाठून देणारे, ठरतात यावरून ‘अपेक्षित सरासरी’ काढली जाते. शितं मोजण्याऐवजी प्रत्येक शीत दाबून पाहण्याचा हा प्रकार.

तरीही लाहेअरला बोलावणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. ‘हक्क’ या शब्दात दोन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. सर्वांत चांगला खेळाडू कोण, हा एक. या तीन महिन्यांत सर्वांत जास्त कुणी दिलं, हा दुसरा. दुसऱ्यात नशिबाने मिळालेल्या हिटही मोजायला हव्यात, कारण त्या संघाच्या खात्यात खरोखर जमा झाल्या. निम्मी भांडणं एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि समोरचा दुसऱ्याचं, म्हणून होतात. माझं मत विचाराल तर पहिल्या फळीसाठी पहिला प्रश्न विचारावा आणि राखीव जागांसाठी दुसरा.

प्रेक्षकांना मताधिकार परत मिळाला तो नेमका १९७० मध्ये. आणि लोकांनी केलं काय? ॲटलांटाच्या रिको कार्टीचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं. १९६८ चा अख्खा हंगाम क्षयरोगाने गेल्यावर पुढच्या वर्षी तो ०.३४२ ने खेळला होता, तरी नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहिलं आणि निवडून आणलं. त्या वर्षी तो ०.३६६ ने लीगमध्ये पहिला आला. सामना होता सिनसिनाटीत. बाहेरच्या मैदानात डावीकडे कार्टी, मध्ये मेझ, उजवीकडे ॲरन. क्लेमेंटे राखीव. नवव्या डावात नॅशनल लीगचा संघ एका धावेने मागे असताना त्याला बॅट घेऊन पाठवलं. त्याने चेंडू खोल मारला, तो झेलबाद झाला, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा गडी धावत शेवटच्या बेसवर, म्हणजे ‘घरी’, आला आणि त्या धावेने बरोबरी झाली. असा फटका बेसबॉलच्या नियमाप्रमाणे संधी म्हणून मोजतच नाहीत. सरासरीत त्याची नोंद नाही.