शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना

शिक्षण मंडळाच्या चालू संकेतस्थळाची मांडणी, मजकूर, शोधसुविधा, अर्ज आणि तांत्रिक पाया वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्याने बसवण्याचे काम. नुसते रंग, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठावरची छायाचित्रे बदलली तर ती रंगरंगोटी झाली; तिला पुनर्रचना म्हणता येत नाही. अभ्यासक्रम ठरवणे, शाळांना मान्यता देणे, परीक्षा घेणे, निकाल लावणे आणि प्रमाणपत्रे देणे ही मंडळाची नेहमीची कामे. यांपैकी बहुतेकांचा एखादा तरी टप्पा आता संकेतस्थळावर पार पडतो. त्यामुळे या संकेतस्थळाला माहितीपत्रकाच्या नव्हे, कार्यालयातल्या खिडकीच्या मापाने जोखावे लागते.

‘यूझर एक्सपिरियन्स’ म्हणजे वापरणाऱ्याला येणारा एकूण अनुभव; ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय अमेरिकी बोधनशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांना दिले जाते. १९९३ मध्ये ते अ‍ॅपल कंपनीत याच नावाच्या पदावर रुजू झाले. वापरसुलभतेची औपचारिक व्याख्या ‘आयएसओ ९२४१-११’ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे (१९९८, सुधारित २०१८). ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी खटपटीत आणि किती समाधानाने गाठता येते, हे तीत पाहिले जाते. मंडळाच्या बाबतीत ‘परिस्थिती’ हा शब्द फार महत्त्वाचा. निकाल पाहणारा विद्यार्थी घाबरलेला असतो, हातात बहुधा लहान पडद्याचा फोन असतो आणि त्याच मिनिटाला लाखभर जण तेच पान उघडत असतात.

वापरणारे आणि त्यांची कामे

मंडळाची जुनी संकेतस्थळे बहुधा कार्यालयाच्या रचनेवर बेतलेली असतात: परीक्षा विभाग, मान्यता विभाग, लेखा विभाग, प्रादेशिक कार्यालये. आतल्या माणसाला ही विभागणी स्वाभाविक वाटते. पण गुणपत्रिका हरवलेल्या माणसाला दुसरी प्रत हवी असते. ती कोणता विभाग देतो हे त्याला ठाऊक नसते, ठाऊक असण्याचे कारणही नाही. पुनर्रचनेतला सर्वांत मोठा बदल इथेच होतो. विभागांच्या नावांच्या जागी कामांची नावे येतात: निकाल पाहणे, वेळापत्रक, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, गुणपडताळणी, नावातली दुरुस्ती, दुसरी प्रत, शाळेची मान्यता.

ही नावे बैठकीत बसून ठरवू नयेत. संकेतस्थळाच्या शोधपेटीत लोक काय लिहितात याची नोंद आणि मदतक्रमांकावर येणारे प्रश्न हे दोन साठे मंडळाकडे आधीपासून असतात, आणि बहुधा कोणी उघडून पाहिलेले नसतात. त्यांच्या जोडीला ‘कार्ड सॉर्टिंग’ वापरतात: कामांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून विद्यार्थी, पालक आणि शाळांतले लिपिक यांना त्यांचे गट पाडायला सांगतात. तयार झालेली रचना मग ‘ट्री टेस्टिंग’ने तपासतात. यात चित्रे किंवा रंग नसतात, फक्त शीर्षकांची उतरंड असते, आणि ‘आडनाव चुकले आहे, कुठे जाल?’ असे विचारून माणूस कोणत्या फांदीवर चढतो ते पाहतात. शाळेच्या लिपिकाला वगळून केलेली पाहणी अपुरी असते. विद्यार्थी वर्षातून दोन-चारदा येतो. लिपिक हंगामात रोज येतो आणि एकच अर्ज शंभर विद्यार्थ्यांसाठी भरतो.

परिपत्रकांचा प्रश्न

अशा संकेतस्थळाचा खरा पसारा परिपत्रकांत असतो. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफच्या रूपात चढवणे ही रूढ पद्धत. तो कागद पुरावा म्हणून ठीक, पण वाचायला वाईट: त्यातला मजकूर शोधात सापडत नाही, फोनवर बोटांनी ताणून वाचावा लागतो आणि दृष्टिबाधितांच्या वाचक-प्रणालीला ते कोरे चित्र वाटते. शीर्षकांनीही गोंधळ वाढतो. ‘परीक्षा अर्ज सादर करण्याच्या मुदतवाढीबाबत’ या एकाच शीर्षकाची तीन परिपत्रके एकाखाली एक असतात, तिघांपुढे ‘नवीन’ हे लुकलुकणारे चिन्ह असते, आणि शेवटची तारीख कोणती हे तिन्ही उघडल्याशिवाय कळत नाही.

पुनर्रचित संकेतस्थळावर अर्जाचे एकच पान असावे आणि त्याच्या माथ्यावर ‘अर्ज भरण्याची शेवटची तारीख: २० नोव्हेंबर, याआधीची तारीख ५ नोव्हेंबर होती’ असे सरळ लिहिलेले असावे. तारीख बदलली की तेच पान बदलते. मूळ परिपत्रके खाली, तारखेच्या क्रमाने, जोडलेली राहतात. हा बदल सांगायला सोपा, पण करायला सर्वांत अवघड. कार्यालयात कागद काढण्याची जबाबदारी ठरलेली असते, पान अद्ययावत ठेवण्याची नसते. म्हणून प्रत्येक पानामागे एक जबाबदार पद आणि पुढच्या तपासणीची तारीख नोंदवणे हाही पुनर्रचनेचाच भाग धरतात.

देवनागरीसारख्या लिपींत आणखी एक जुने दुखणे असते. युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर नीट दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधसुविधा कितीही चांगली बसवली तरी हाती काही लागत नाही.

निकालाचा दिवस

वर्षभरात संकेतस्थळाची परीक्षा होते ती या एका दिवशी. ताण येतो तो केवळ गर्दीमुळे नाही. पान उघडले नाही की माणूस पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो, प्रत्येक दाबण्याची नवी मागणी सर्व्हरकडे जाते आणि गर्दी स्वतःच स्वतःला वाढवत नेते. उपाय माहीत असलेले आहेत. जाहीर झालेला निकाल क्षणोक्षणी बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक मागणीला विदागारात (डेटाबेसमध्ये) शोध घेण्याऐवजी उत्तरे आधीच तयार करून अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर पसरून ठेवता येतात. निकालाचे पान मुख्य संकेतस्थळापासून वेगळे ठेवतात, म्हणजे एक कोलमडले तरी दुसरे चालू राहते. त्या पानावर चित्रे, सरकत्या पट्ट्या, मान्यवरांचे फोटो काही ठेवत नाहीत. गर्दी आवाक्याबाहेर गेलीच, तर ‘सर्व्हर व्यस्त आहे’ या कोरड्या संदेशापेक्षा रांगेत घेणारे आणि आपोआप पुढे नेणारे पान बरे.

अर्जाची चौकटही इथेच तपासून घ्यावी. बैठक क्रमांकातले अक्षर छोट्या लिपीत लिहिले, अंकांमध्ये मोकळी जागा सुटली किंवा मराठी कळफलकावरून ‘१२३’ असे देवनागरी अंक टंकले, तर बऱ्याच प्रणाली ‘अवैध क्रमांक’ म्हणून हात झटकतात. हे तिन्ही फरक प्रणालीला स्वतःच दुरुस्त करून घेता येतात. विद्यार्थ्याला त्यासाठी धारेवर धरण्याची गरज नाही.

सोयीला इथे एक मर्यादा पडते. बैठक क्रमांक ओळीने दिलेले असतात, त्यामुळे केवळ क्रमांकावर निकाल दाखवला तर शेजाऱ्याचाच काय, अख्ख्या शाळेचा निकाल कोणीही उतरवून घेऊ शकतो. म्हणून जन्मतारखेसारखी दुसरी खूण मागतात आणि एकाच ठिकाणाहून येणाऱ्या मागण्यांवर मर्यादा घालतात. ही खूणही गुप्त नसते, वर्गमित्रांना ती माहीत असते. तेव्हा निकालाच्या पानावर गुणांव्यतिरिक्त पत्ता, छायाचित्र असे काहीही दाखवू नये, हे जास्त खात्रीचे.

सुगम्यता

दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, २.० ही २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये. त्यांतल्या एए या मधल्या पातळीसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या तफावतीचा किमान निकष साध्या मजकुराला ४.५:१, मोठ्या मजकुराला ३:१ असा आहे. फिकट करड्यावर पांढरी अक्षरे इथेच बाद होतात. गुणतक्त्यात स्तंभांची शीर्षके शीर्षक म्हणूनच नोंदलेली हवीत, नाहीतर वाचक-प्रणाली नुसते आकडे वाचत सुटते आणि ७२ हे गणिताचे की विज्ञानाचे ते कळत नाही. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा ही मंडळांची आवडती भिंत. यंत्रांना ती आता फारशी अडवत नाही, माणसांना मात्र अडवते.

जुने दुवे, चाचणी आणि बदलाची वेळ

नव्या रचनेत पानांचे पत्ते बदलतात. जुने पत्ते मात्र शाळांच्या सूचनाफलकांवर, छापील पुस्तिकांत आणि शोधयंत्रांत तसेच राहतात. म्हणून प्रत्येक जुना पत्ता नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवणे, म्हणजे तांत्रिक भाषेत ‘३०१’ वळण देणे, आवश्यक असते. हे काम कंटाळवाणे म्हणून निविदेत बऱ्याचदा सुटते, आणि पहिल्याच आठवड्यात ‘पान सापडले नाही’च्या तक्रारी येतात.

जुने बंद करून एका रात्रीत नवे सुरू करण्यापेक्षा दोन्ही काही काळ शेजारी ठेवून चाचणी घेणे सुरक्षित. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह.यूके’ सुरू करून आधीच्या शासकीय संकेतस्थळांची जागा त्याला दिली, तेव्हा त्याआधी त्याची चाचणी आवृत्ती लोकांपुढे ठेवलेली होती. मंडळाने परीक्षा अर्ज, परीक्षा आणि निकाल यांचे हंगाम टाळावेत. उरलेल्या महिन्यांतही आधी कमी वापराचे विभाग हलवावेत.

यश मोजताना पाने किती वेळा उघडली गेली हा आकडा फसवा ठरतो. रस्ता न सापडलेला माणूसही बरीच पाने उघडतो. ठरवून दिलेले काम किती जणांना कोणाच्या मदतीशिवाय पुरे करता आले, त्याला किती वेळ लागला, अर्धवट सोडलेले अर्ज किती आणि मदतक्रमांकावरचे त्याच विषयाचे दूरध्वनी घटले का, हे पुनर्रचनेआधी आणि नंतर मोजतात. आधीचे मोजमाप घेतलेले नसेल, तर नंतरचे आकडे कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न उरतोच, आणि निविदेच्या घाईत हेच मोजमाप सर्वांत आधी वगळले जाते.